मंडळीच्या नव्या वर्षाची उद्दिष्टं कशात लिहायची? रजिस्टर, कालनिर्णय, गुगल शीट, व्हॉट्सअॅप आणि छापील प्लॅनर यांची पारख

डिसेंबरात सोलापुरातल्या कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जा, पंचांना (मंडळीच्या समितीतल्या माणसांना) श्वास घ्यायला फुरसत नसते. कॅरोलच्या फेऱ्या, मुलांची नाटिका, मांडव, नाताळाचं जेवण. त्यातच 31 तारखेची रात्रीची उपासना येते, नव्या वर्षासाठी बायबलचं वचन मिळतं आणि "यंदा तरुणांना पुढे आणायचं, नवे पुढारी तयार करायचे" असं सगळ्यांच्या साक्षीने ठरतं. झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, ते बहुतेकांच्या डोक्यातून गेलेलं असतं. मन लावून ठरवलेली गोष्ट अशी का विरते, हे शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच कारण सापडतं: ती कुठे नीट लिहिलेली नसते, किंवा अशा जागी लिहिलेली असते जिथे पुन्हा कुणी डोकावत नाही.

म्हणून ही पारख. पाच साधनं, आणि सगळ्यांना कसोटी एकच: महिन्याच्या सभेत ते साधन उघडलं की कोणी, काय, कोणत्या रविवारपर्यंत करायचं होतं हे अर्ध्या मिनिटात दिसतं का?

आधी एक घोळ मिटवू. गच्चीची गळती काढणं, साउंड सिस्टीम बदलणं, कुंपण घालणं ही मंडळीची कामं झाली. त्यांना नेतृत्वाची उद्दिष्टं म्हणू नये. नेतृत्वाचं उद्दिष्ट नेहमी माणसाबद्दल असतं. आज जे काम एकाच माणसाला येतं, ते वर्षाअखेर आणखी किती जणांना येईल? बायबलमधला मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला होता, तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगितलं (निर्गम 18). पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं दुसरं वचनही तेच सांगतं: पौलाकडून तीमथ्याकडे, तीमथ्याकडून विश्वासू माणसांकडे, त्यांच्याकडून इतरांकडे. उद्दिष्ट या साखळीत बसत नसेल तर ते खर्चाच्या यादीत टाका. आणि वर्षाला तीनच उद्दिष्टं घ्या. सात घेतलेल्या मंडळीत सातही अर्धी राहतात, कारण राबणारी माणसं तीच आठ-दहा असतात.

रजिस्टर: पहिली पसंती

पक्क्या बांधणीचं, 200 पानी, लांब आकाराचं आखीव रजिस्टर. नव्या पेठेतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पाचांत हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात टिकाऊ. मिशनच्या काळापासून आपल्या मंडळ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं अशाच बांधीव वह्यांत नोंदली गेली. जुना दाखला हवा असला की आजही आधी तीच वही काढतात. त्यामुळे वयस्क पंचांचा या वस्तूवर आधीच विश्वास असतो, आणि एखादी पद्धत रुजायला तो विश्वास फार उपयोगी पडतो.

वही आणली की पहिलं काम म्हणजे पानांना क्रमांक घालायचे. पहिल्या पानावर "या वहीत 1 ते 200 पाने आहेत" असं लिहून पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) आणि सेक्रेटरी यांनी सही करायची. पान फाडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला सही. जेल पेन टाळा, घामाच्या हाताने अक्षर पसरतं आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हात कोरडा राहत नाही. साधं बॉलपेन वापरा.

उघडलेली दोन पानं मिळून एक उद्दिष्ट. डाव्या पानावर चार गोष्टी: उद्दिष्ट एका वाक्यात, आजची स्थिती, जबाबदार व्यक्ती, तिचा मदतनीस. उजव्या पानावर बारा ओळी, दर महिन्याला एक, आणि पाच रकाने: महिना, काय व्हायचं होतं, काय झालं, कुठे अडलं, सही. भरलेलं पान कसं दिसावं ते बघा.

डावं पान: "उद्दिष्ट 2. रविवार 25 ऑक्टोबर 2026 पर्यंत तीन जण पूर्ण उपासना चालवू शकतील. आज: पाळकसाहेबांशिवाय एकच जण. जबाबदार: उपासना समितीचे निमंत्रक. मदतनीस: तरुण संघाच्या सेक्रेटरी."

उजवं पान: फेब्रुवारीत तीन नावं निश्चित, स्वतः त्यांना आणि त्यांच्या घरी विचारून. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येकाने महिन्यातून एकदा शास्त्रवाचन आणि सुरुवातीची प्रार्थना. मे मोकळा. जूनमध्ये दर गुरुवारी पाळकसाहेबांबरोबर बसून येत्या रविवारचा उपासनाक्रम आखणं, गीतं निवडणं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धी उपासना. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्ण उपासना, आणि त्या दिवशी पाळकसाहेब बाकावर, मंडळीत बसलेले.

या पानावर हमखास दोन चुका होतात. नवख्या माणसाला थेट संदेश द्यायला उभं करतात. संदेश सगळ्यात अवघड, तो शेवटी यायला हवा. आधी वाचन, मग प्रार्थना, मग सूत्रसंचालन, आणि त्यानंतर संदेश. दुसरी चूक जास्त दुखावणारी आहे: उपासना चालू असताना पुढे येऊन त्याला दुरुस्त करणं. तो माणूस पुन्हा उभा राहत नाही. सुधारणा मंगळवारी, पंधरा मिनिटं, दोघांतच. चांगलं काय झालं ते आधी सांगायचं, मग बदलायची एकच गोष्ट.

"आजची स्थिती" हा रकाना बहुतेक जण अंदाजाने भरतात आणि तिथेच वर्ष फसतं. उपस्थिती नोंदवायची असेल तर नाताळ, ईस्टर आणि मे सोडून सलग आठ साधे रविवार मोजा. जुलै-ऑगस्ट त्याला चांगले. मोजणी उपासना सुरू होताना करू नका, उशिरा येणारे बरेच असतात. दानार्पणाच्या वेळी बाकांच्या रांगेने मोजा आणि मुलं वेगळी लिहा. शिक्षक, गायक, पेटीवादक, घरभेटीला जाणारे यांची तर नावानिशी यादीच करा. यादी केली की बहुतेक मंडळ्यांत एकच नाव चार ठिकाणी निघतं, आणि पहिलं उद्दिष्ट तिथेच सापडतं: त्या माणसाच्या डोक्यावरची दोन कामं दुसऱ्या दोघांना शिकवायची.

बायबलमधल्या नहेम्याने यरुशलेमेच्या तटाची आधी रात्री फिरून पाहणी केली आणि मगच लोकांना बोलावलं. पुढे बऱ्याच जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, आणि तट 52 दिवसांत उभा राहिला. रजिस्टरचं डावं पान म्हणजे ती पाहणी आणि उजवं पान म्हणजे ती वाटणी. डावं पान कोरं ठेवून उजवं भरू नये.

उणिवाही आहेत. वही सेक्रेटरींच्या घरी गेली आणि ते गावी गेले की सभा वहीविना होते. म्हणून ती चर्चच्या कपाटात, दोन किल्ल्या, एक पाळकसाहेबांकडे. सभेनंतर त्याच दिवशी भरलेल्या पानाचा फोटो समितीच्या ग्रुपवर. आणि ही वही इतिवृत्ताच्या वहीपासून वेगळीच हवी. उद्दिष्टं इतिवृत्तात लिहिली की ती ठराव क्रमांक 7 आणि वीजबिलाच्या मध्ये दडपली जातात. रजिस्टर बेरीज करत नाही, आठवण करून देत नाही, ते बाकीच्यांकडून घ्यायचं.

कालनिर्णय: घरात आधीच असलेलं अर्धं नियोजन

1973 साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं हे कॅलेंडर सोलापुरातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत खिळ्याला असतंच. चर्चच्या ऑफिसात फक्त याच कामासाठी एक वेगळी प्रत लावा. त्याची खरी किंमत अशी की मंडळीचं वर्ष, शाळेचं वर्ष आणि शहराचं वर्ष एकाच पानावर समोर येतं.

2026 चं उदाहरण घ्या. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) 18 फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार 29 मार्च, उत्तम शुक्रवार 3 एप्रिल, ईस्टर 5 एप्रिल, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) 24 मे, आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार 29 नोव्हेंबर. या तारखा लाल पेनने गोल करा. मग निळ्याने शहराच्या: संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, होम मैदानाच्या बाजूचे रस्ते बंद, त्या आठवड्यात गावातली बैठक ठेवू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा. म्हणजे उपवासकाळ आणि परीक्षा जवळजवळ एकावर एक. तरीही दरवर्षी तरुणांच्या प्रशिक्षणाची सुरुवात याच काळात ठरते, आणि दोन बैठकांनंतर खुर्च्या रिकाम्या का याचं नवल केलं जातं. तरुणांचं प्रशिक्षण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करा. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरच्या रस्त्यावरच्या गावांत घरभेटी ठरवू नका.

एप्रिल-मेची सुट्टीतली बायबल शाळा ही नव्या शिक्षकांना घडवण्याची उत्तम जागा आहे, कारण दहा दिवस सलग मिळतात. पण सोलापूरच्या उन्हात ती सकाळी साडेसातला सुरू करून दहाला संपवावी, आणि पाणी येण्याचे दिवस बघून टाकी भरून घ्यावी. इथे जुना शिक्षक आणि नवा शिक्षक अशी जोडी लावा. पहिले तीन दिवस नवा बघतो, पुढचे चार दिवस अर्धा तास घेतो, शेवटचे तीन दिवस पूर्ण वर्ग घेतो. दहा दिवसांत जे कळतं ते वर्षभराच्या रविवारांत कळत नाही. मुलांच्या वर्गात दोन मोठी माणसं आणि उघडं दार हा नियम उद्दिष्टातच लिहून टाका. लहान मुलांच्या सुरक्षेचा पोक्सो कायदा 2012 पासून आहे, शिक्षकांना त्याची माहिती देणं पुढाऱ्यांचं काम आहे.

पुण्याचा प्रश्नही कॅलेंडरवरच दिसतो. तरुण संघाचा नेता जूनमध्ये शिक्षणाला किंवा नोकरीला पुण्याला जातो आणि संघ बसतो. दर वर्षी हेच घडतं, तरी नेता एकटाच निवडला जातो. जोडी निवडा, त्यातला एक जण पुढची दोन वर्षं सोलापुरात राहणारा हवा. पुण्यातला जोडीदार महिन्यातून एकदा शनिवारी रात्रीच्या गाडीने येऊ शकत असेल, तर तो रविवार आधीच चौकटीत लिहा.

कालनिर्णयची मर्यादा म्हणजे चौकट. तीन शब्दांपलीकडे त्यात काही मावत नाही, म्हणून तिथे फक्त "उ.2 वाचन" असं उद्दिष्टाचा क्रमांक घालून लिहायचं आणि तपशील रजिस्टरात. आणि डिसेंबर संपला की लोक ते उतरवून रद्दीत देतात. आधी वहीत उतरवून घ्या.

गुगल शीट: खजिनदारासाठी उत्तम, सगळ्यांसाठी नाही

फुकट आहे, गुगलच्या खात्याबरोबर 15 जीबी जागा मिळते, आणि कोणी काय बदललं त्याचा इतिहास राहतो. चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. बेरीज, टक्केवारी, रंगाने खूण, सगळं होतं. "सुरू, अडलं, झालं" असे तीनच पर्याय असलेला रकाना करा. "प्रगतीपथावर" हा शब्द ठेवू नका, त्याआड काहीही लपतं.

सगळ्यात मोठा धोका मालकीचा. शीट सेक्रेटरींच्या खासगी खात्यावर बनते, समिती बदलते, आणि नव्या समितीच्या हाती काहीच लागत नाही. मंडळीच्या नावाने वेगळं खातं काढा, पासवर्ड बंद लिफाफ्यात कपाटात, बदलण्याचा हक्क तिघांना, बाकीच्यांना फक्त बघण्याचा. "लिंक असेल त्या कुणालाही" हा पर्याय बंदच ठेवा. कुटुंबांची दानं, आजारपणं, घरातले वाद यांतलं काहीही शीटमध्ये टाकू नका. पाळकीय गोष्टी पाळकांच्या मनात आणि प्रार्थनेत राहाव्यात. आकडे इंग्रजीच टाका, देवनागरी अंक शीट मजकूर समजली तर बेरीज गडबडते.

शीटची खरी गरज पैशाच्या बाजूला आहे. उद्दिष्टं जानेवारी ते डिसेंबर चालतात, हिशेब 1 एप्रिल ते 31 मार्च. जानेवारी ते मार्चचा प्रशिक्षणाचा खर्च चालू वर्षाच्या अंदाजपत्रकातून जातो, आणि तिथे तरतूदच नसते. मग फेब्रुवारीत खजिनदार "पैसे नाहीत" म्हणतात आणि ते खरंच असतं. दोन रकाने करा, मार्चपर्यंतचा खर्च आणि एप्रिलनंतरचा. पुस्तकं, प्रवास, चहा-नाश्ता, झेरॉक्स यांच्या रकमा वेगळ्या लिहा. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि नेतृत्व बदलात विश्वस्त बदलणार असतील, तर धर्मादाय आयुक्तांकडे 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ती तारीखही याच शीटमध्ये हवी. हा अर्ज राहिला की पुढे बँकेत सह्या बदलताना अडतं.

ज्या समितीत अर्ध्या पंचांचा फोन साधा आहे किंवा डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, तिथे शीट हे एकमेव साधन करू नका. त्यांना वाटतं आपल्याला वगळलं, आणि ते बोलूनही दाखवत नाहीत. सभेला मोठ्या अक्षरातली छापील प्रत न्या.

व्हॉट्सअॅप

निरोपासाठी घ्या, नियोजनासाठी नको. दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली सगळं वाहून जातं. अंगठ्याच्या खुणेला होकार समजण्याची चूक तर सर्रास होते. अंगठा म्हणजे फक्त "वाचलं". ज्याच्यावर काम सोपवायचं त्याला फोन करा, शक्य असेल तर घरी जा. बैठकीची वेळ ठरवायला पोल बरा, बारा पर्यायांपर्यंत देता येतात. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर पाळीत काम करणाऱ्या पंचांना मात्र पोलच्या आधी विचारा, नाहीतर त्यांना न जमणारी वेळ बहुमताने ठरते. महिन्याचं पान 30 दिवसांसाठी पिन करून ठेवता येतं, तेवढा उपयोग करून घ्या.

छापील चर्च प्लॅनर

इंटरनेटवरून उतरवलेले किंवा मागवलेले हे प्लॅनर दिसायला देखणे असतात. आपल्याकडे ते चालत नाहीत. भाषा इंग्रजी, चौकटी देवनागरीच्या वेलांट्या-मात्रांना अपुऱ्या, आणि वर्षाची मांडणी अमेरिकेतली: सुट्ट्या तिथल्या, शाळेचं वर्ष सप्टेंबरात. बऱ्याच प्लॅनरांत 1981 साली जॉर्ज डोरन यांनी व्यवस्थापनासाठी मांडलेली स्मार्ट पद्धत असते: उद्दिष्ट नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे. नेमकेपणा आणि मुदत आपल्यालाही हवीच. पण एखाद्या लाजऱ्या मुलीने पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली हे मोजणीत येत नाही, ते रजिस्टरच्या "काय झालं" रकान्यात शब्दांनी लिहावं लागतं. या प्लॅनरांतलं घेण्यासारखं एक पान असतं: तिमाहीच्या शेवटी "काय बंद करायचं". आपल्या मंडळ्यांत कार्यक्रम सुरू होतात, थांबत कधीच नाहीत. ते एक पान वहीत आखून घ्या आणि प्लॅनरचे पैसे वाचवा.

जोडी कशी लावायची आणि कधी

रजिस्टर मुख्य, कालनिर्णय भिंतीवर, शीट खजिनदाराकडे, व्हॉट्सअॅप निरोपाला. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसता आलं तर उत्तम, कारण आगमनकाळ सुरू झाला की कुणी मोकळं नसतं. ते हुकलं असेल तर 31 डिसेंबरच्या रात्री घाईने काही ठरवू नका. 2026 धरलं तर 4 जानेवारीला मंडळीत प्रार्थना, 10 जानेवारीला शनिवारी तीन तासांची बैठक, यात्रेचा आठवडा मोकळा, आणि 25 जानेवारीला तीनही उद्दिष्टं जबाबदार माणसांच्या नावासकट उपासनेत मोठ्याने वाचायची. तेलुगू बोलणारी कुटुंबं असतील तर तेलुगूतही वाचा. त्यांच्यातून पुढारी हवे असतील तर बोलावणं त्यांच्या भाषेत गेलं पाहिजे.

तीन तासांची वाटणी अशी: पहिला अर्धा तास शास्त्र आणि प्रार्थना, एक तास आजची स्थिती, एक तास तीन उद्दिष्टं निवडणं, शेवटचा अर्धा तास नावं आणि तारखा. बहुतेक बैठकांत आजच्या स्थितीवर दहा मिनिटं जातात आणि स्वप्नांवर दोन तास. घड्याळ धरणारा एक माणूस नेमा, तो पाळकसाहेब नसावा.

पाळकसाहेबांची बदली होण्यासारखी असेल तर एकही उद्दिष्ट फक्त त्यांच्या नावावर टाकू नका. जबाबदार पंच, मार्गदर्शक पाळकसाहेब, असं लिहा. नवे पाळक आले की पहिल्या आठवड्यात वही त्यांच्या हाती द्या.

पुढे दर महिन्याच्या सभेत पहिली वीस मिनिटं या वहीला. शेवटी ठेवली तर रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि सगळे घड्याळाकडे बघत असतात. जबाबदार व्यक्ती स्वतःची ओळ वाचते, अडलं असेल तर "कुठे अडलं" भरते, सही करते. दोन महिने सलग अडलं तर मदतनीस बदला किंवा पायरी लहान करा. त्या माणसाला सभेत झापू नका, सभा संपल्यावर त्याच्याबरोबर चालत जा.

रजिस्टर घेताना सोबत हातभर सुतळी घ्या. वहीच्या पुठ्ठ्याला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून त्यात बॉलपेन बांधून ठेवा. सभेत सही करायची वेळ आली की पेन शोधण्यात वही तशीच मिटली जाते.